पापादिया बसत का नाही

३ मार्च, स्वच्छ सोमवार

मोठ्या उपासाला आज आरंभ. आकाश निरभ्र, वारा पतंगांना अनुकूल, अंतःकरण प्रसन्न. गाठ परत आली आहे.

ही तिसरी खेप. स्त्रीदेहाच्या उंबरठ्याशी, दोन बाजूंस, ओलावा राखणाऱ्या दोन चिमुकल्या ग्रंथी परमेश्वराने ठेवल्या आहेत. त्यांतल्या डावीचे तोंड बुजते, आतला द्रव साठतो आणि गाठ धरते. बार्थोलिनची गाठ, असे आरोग्यकेंद्रातल्या मागच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. हा बार्थोलिन कोण होता आणि त्याचे तेथे काय काम होते, हे मी विचारले नाही. पहिल्या वेळी ती गरम पाण्याने आपण होऊन फुटली. गेल्या शरदात बाईंनी चीर देऊन निचरा केला आणि हात धुताधुता म्हणाल्या, पापादिया, तुमचं वय बासष्ट, पुन्हा आली तर थांबू नका, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. पुढच्याच महिन्यात बाईंची बदली झाली. मी तो ईश्वरी संकेत मानते.

निश्चय केला. ईस्टरपर्यंत डॉक्टर नाही. उपासकाळात आत्म्याकडे पाहावे, देहाकडे नव्हे. कोणालाही कळता कामा नये. पापा-स्टाथिस यांनाही नाही. ते माझे यजमान असले तरी गावचे धर्मगुरू आहेत (म्हणून तर मी पापादिया) आणि धर्मगुरूचे चित्त वेदीवर असावे.

माझी थोरली बहीण अनेझो हीदेखील ‘ईस्टरनंतर बघू’ असेच म्हणाली होती. त्या वर्षीचा ईस्टर तिला दिसला नाही. परंतु तिचे दुखणे निराळे होते. हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

दुपारी सारे गाव टेकडीवर. सतरंज्या, तिळाची चपटी भाकर, ऑलिव्ह, भाजलेला ऑक्टोपस. सर्व बसून जेवले. मी उभ्याने. कीरा मेल्पो आमच्या चर्चच्या दारात मेणबत्त्या विकते आणि बातम्या फुकट देते. तिने विचारले, पापादिया, मुंग्या आहेत का गं? मी म्हटले, उभे राहिल्याने आकाश जवळ येते. तिने वर पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग ऑलिव्ह खाल्ले.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवारच्या संध्याकाळचे मातृस्तवन सर्व मंडळी उभ्याने म्हणते. चर्चचे प्राचीन धर्मपितर खरोखर दूरदर्शी होते. तेवढा वेळ मी सर्वांसारखी.

प्रवचनाला मात्र सगळे बसले. मी पहिल्या ओळीत एकटी उभी. पापा-स्टाथिस यांनी वरून माझ्याकडे दोनदा पाहिले आणि प्रवचन निम्म्यावर आटोपले. घरी येताना म्हणाले, एवढं लांबत होतं तर खोकायचंस, उभं कशाला राहायचं? ज्या सुधारणेसाठी मी संसारभर सौम्य सूचना करीत आले ती अशी अकस्मात घडली. दुःखातून फळ निघते ते असे.

९ मार्च, रविवार

आजही अथपासून इतिपर्यंत उभी. नंतर अंगणात बायकांनी मला घेरले. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, जुने तपस्वी नाही का खांबावर उभे राहून वर्षं काढायचे, तशा दिसत होता तुम्ही. मी नाकारले नाही. स्तुती नाकारणे हा अहंकाराचाच सूक्ष्म प्रकार आहे. शिवाय खरे सांगणे अशक्य आणि खोटे बोलणे उपासाला वर्ज्य. उरते ते मौन, आणि मौन हे तर व्रतच.

विशेष म्हणजे आज आणखी काही बायका उभ्या होत्या. माझ्या उदाहरणाचा प्रभाव.

१२ मार्च

उपचार चालू. त्याला कटिस्नान म्हणतात, म्हणजे कोमट पाण्यात कंबरेपर्यंत बसणे, दिवसातून तीन-चार वेळा. ऑक्टोपस भिजवायचा निळा टब त्यासाठी घेतला आहे. ऑक्टोपसाची हरकत नसावी.

पापा-स्टाथिस दाराबाहेरून म्हणाले, आत काय चाललं आहे सारखं? मी म्हटले, स्तोत्रपठण. ते म्हणाले, चांगलं आहे, पण एका पापी माणसाला दाढी धुवायची आहे, त्याच्यासाठी थोडं गरम पाणी ठेव.

१६ मार्च, रविवार

फुटली. आपण होऊन, आजच्या तिसऱ्या स्नानानंतर. श्रद्धा आणि संयम यांचा विजय. डॉक्टरीणबाई आज येथे असत्या तर त्यांना काही शिकता आले असते.

दुपारभर घरातल्या प्रत्येक खुर्चीवर आळीपाळीने बसले. दिवाणखान्यातली खुर्ची, जी मी नेहमी कठीण म्हणत असे, ती उत्तम आहे.

१८ मार्च

कृतज्ञता व्यक्त करणे कर्तव्य. बंदरावरच्या चांदीकाराकडे गेले. जो अवयव बरा झाला त्याचा चांदीचा पत्रा करून पवित्र मातेच्या तसबिरीला अर्पण करावा, अशी आपली रीत. चांदीकाराने पेटी उघडली. डोळे होते, पाय होते, हात, हृदय, कान, एक दातही. म्हणाला, काय दुखत होतं पापादिया, म्हणजे तेवढं काढतो. मी पेटीत फार वेळ पाहिले. अखंड स्त्रीची आकृती मागितली. तो म्हणाला, बायका संपल्या, ईस्टरनंतर येतील. शेवटी विषयाच्या सर्वांत जवळचे असे जे होते ते घेतले. दुपट्यात गुंडाळलेले बाळ.

चर्चमध्ये कोणी नसताना ते तसबिरीला बांधले. परमेश्वराला भावार्थ कळतो.

२० मार्च

सूनबाईंचा पात्रा शहराहून फोन. दनाई गोड मुलगी आहे, परंतु आज स्वर गोड नव्हता. म्हणाली, आई, तुमच्या गावच्या तिघी बायकांनी माझं अभिनंदन केलं, एकीने तर लोकर कुठल्या रंगाची आणू असं विचारलं. मला दिवस गेलेत हे मला कोणी सांगणार आहे का?

मी म्हटले, श्रद्धेत कधीकधी कार्य आधी आणि कारण मागाहून येते. मग तिने विचारले, आई, तुमची तब्येत बरी आहे ना?

उत्तम आहे, असे सांगितले. त्या क्षणी ती होतीही.

२३ मार्च, रविवार

परत आली. या वेळी अक्रोडाएवढी, तापलेली, नाडीसारखी उडणारी.

हे संकट नव्हे, कसोटी आहे. ईस्टर समोर दिसतो आहे. आज बायकांची डावीकडची सबंध रांग उभी होती. पुरुष आपल्या आसनांवर बसून ओशाळल्यासारखे जमिनीकडे पाहत होते. माझ्यामुळे एका संपूर्ण गावाची आध्यात्मिक उंची वाढली आहे, आणि त्यासाठी मला जे सोसावे लागते त्याचे मला काहीच वाटत नाही. चालताना मात्र वाटते.

२५ मार्च, शुभवार्तेचा सण

मासे खाण्याची आज मुभा. कॉड तळले होते. ते तसेच गार झाले, कारण कीरा मेल्पो उपासनेत घेरी येऊन पडली.

वय अठ्ठ्याहत्तर, पायांना सूज, आणि हट्टाने उभी. तिला आसनावर निजवले. आरोग्यकेंद्रातून अर्गिरिस धावत आला. हा माझा धर्मपुत्र. औषधवाल्याचा मुलगा, त्याच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणजे नोना, मी; त्याचे नाव मी उच्चारले. स्त्रियांच्या आजारांचे शिक्षण घेऊन गेल्या हिवाळ्यात परतला. एवढ्या विद्या असताना त्याला हीच का सुचली, असे मी त्याच्या आईला तेव्हाच विचारले होते.

मेल्पोचा रक्तदाब पाहून तो म्हणाला, हिला काही झालेलं नाही, बसवा आणि कॉड द्या. मग पाण्याचा पेला घेऊन येणाऱ्या माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, नोना, तुम्ही लाटेवरच्या होडीत चालल्यासारख्या का चालताय? मी म्हटले, संधिवात. तो म्हणाला, संधिवात कुठल्या सांध्यात?

मी पेला मेल्पोच्या तोंडाला लावला.

२८ मार्च

पापा-स्टाथिस यांना कळले. मी सांगितले नाही. टबही काही बोलला नाही. ते म्हणाले, अगं, माणूस इतकी वर्षं शेजारी झोपतो, त्याला कूस बदलताना येणारा हुंकार कळतो.

मी शास्त्राधार दिला. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री. वैद्यांपायी सर्वस्व घालवूनही जिला गुण आला नाही. जिने कोणाला एक शब्द न सांगता गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राचा काठ शिवला आणि जी बरी झाली. वैद्य निरुपयोगी, मौन श्रेष्ठ. हे शुभवर्तमानातच आहे.

ते दाढी विंचरीत म्हणाले, आणि पुढे? पुढे प्रभू थांबला आणि त्याने विचारलं, मला कोण शिवलं? मग तिला सगळ्या गर्दीपुढे, थरथर कापत, सगळं सांगावं लागलं. तू नेहमी निम्म्यावर पुस्तक मिटतेस.

मी म्हटले, त्या भागाचा अर्थ वेगळा लावणारेही पितर आहेत. कोण, असे त्यांनी विचारले. मी स्वयंपाकघरात गेले.

३१ मार्च

हुडहुडी. ताप. आता बसता येत नाही आणि उभेही राहवत नाही. एका कुशीवर पडून लिहिते आहे.

मी तडजोड मान्य केली आहे. शेजारच्या मोठ्या बेटावर एक वयस्क, सुशील डॉक्टरीणबाई आहेत. उद्याच्या फेरीने त्यांच्याकडे जाईन. अर्गिरिसकडे जाणे अशक्य. ज्याला आपण बाप्तिस्म्याच्या कुंडातून वर उचलले त्याच्यासमोर असे पडणे अनुचित.

१ एप्रिल

दक्षिणेचा वारा. बंदर बंद, फेरी रद्द. उद्याही नाही.

पापा-स्टाथिस खिडकीशी उभे राहून समुद्राकडे पाहत होते. म्हणाले, संकेत वाचण्यात तू हुशार आहेस. हाही वाच.

त्यांनी अर्गिरिसला घरी बोलावले. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढले. तो खाटेशी बसला आणि म्हणाला, नोना, मी आठ महिन्यांचा होतो, नागडा होतो, बोंबलत होतो, आणि अख्ख्या गावादेखत तुम्ही मला टाळूपासून तळव्यापर्यंत तेल चोळलंत. मी तुम्हाला कधी काही बोललो का?

मी पांघरूण हनुवटीखाली घेतले.

मग त्याने सर्व समजावले, आणि न्यायाने लिहायचे तर नीट समजावले. गाठीत आता पू झाला आहे. नुसती चीर देऊन निचरा करायचा तर आज बरे वाटेल, पण तोंड पुन्हा बुजेल, जसे दरवेळी बुजले. दुसरा मार्ग, टोकाला फुगा असलेली बारीक रबरी नळी आत बसवायची आणि चारेक आठवडे तशीच ठेवायची, म्हणजे तिच्याभोवती नवी वाट तयार होते. पण तुम्ही, तो म्हणाला, ती पवित्र आठवड्याला अशोभनीय ठरवून स्वतःच ओढून काढाल. तिसरा, गाठ उघडून तिच्या कडा बाहेर दुमडून टाके घालायचे, म्हणजे खिशाला काठ शिवावा तसे. तोंड उघडे राहते, द्रव साठत नाही. तरीही पुन्हापुन्हा आली तर ग्रंथीच काढायची, पण ते मोठे काम, रक्त फार जाते, ते शेवटी.

खिशाचे मला पटले. वेदीवरच्या वस्त्रांचे काठ मीच शिवते.

मग तो हळू म्हणाला, आणि तुकडा तपासायला जाईल. चाळिशीनंतर नवी गाठ आली की आम्ही तपासतोच. बहुतेक काही निघत नाही. पण अनेझोमावशीचं आईने मला सांगितलं आहे, नोना. यावेळी ईस्टरनंतर नाही.

मी भिंतीकडे तोंड केले. तेथे चुना खरवडला गेला आहे. ईस्टरपूर्वी लावायला हवा.

२ एप्रिल

झाले.

शौर्याचे वर्णन स्वतः करू नये, म्हणून थोडक्यात. मी एक अट घातली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी अर्गिरिसच्या वतीने श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली देणारा पाठ, मी म्हटला होता. आज त्याने तो स्वतः तोंडपाठ म्हणावा, म्हणजे योग्य हातात आहे हे मला कळेल. परिचारिका खाली पाहून ओठ चावत होती. अर्गिरिस म्हणू लागला आणि तिसऱ्या वाक्यातच अडखळला. मी पुढचे सांगितले. पुन्हा अडखळला. प्रभू जन्मला, निर्मिला गेला नाही, हा भेद त्याला आठवेना. मी तो सविस्तर विशद केला. पुन्हा चुकला. मी इतकी संतापले की सुई कधी टोचली, जागा कधी बधिर झाली आणि टाके कधी पडले ते समजले नाही.

एवढ्या शिकलेल्या मुलाला श्रद्धेचा अंगीकार येत नाही. त्याच्या आईशी बोलले पाहिजे.

४ एप्रिल, शुक्रवार

घरी पडून. अर्गिरिसच्या सूचना: प्रतिजैविकाच्या गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या, दुखल्यास पॅरासिटामोल, सैल सुती कपडे, उद्यापासून कोमट कटिस्नान, जड उचलायचे नाही, आणि पतिपत्नींनी काही आठवडे अंतर राखायचे. शेवटची सूचना त्याने आम्हा दोघांना समोर बसवून दिली. पापा-स्टाथिस म्हणाले, डॉक्टर, उपास चालू आहे, आम्ही तुमच्या पुढेच आहोत. मला खोलीतून निघून जायचे होते. चालता येत नव्हते.

टाके आपोआप विरघळतील. अहवाल अथेन्सहून यायला दोन आठवडे.

गावात दाढदुखी असे सांगितले आहे. लोकांचा पूर्ण विश्वास बसला.

६ एप्रिल, रविवार

भेटीला बायका. बेकरीवाल्याच्या बायकोने उशी आणली. शाळेतल्या बाईंनी उशी आणली. औषधवालीने मध्ये भोक असलेली उशी आणली. दाढेसाठी उशी नेण्याची काही स्थानिक रूढी असावी. मला ठाऊक नव्हती.

सर्वांत शेवटी कीरा मेल्पो. म्हणाली, कशी आहे दाढ? बसते का? मी म्हटले, मेल्पो, तुला काय म्हणायचे आहे? ती म्हणाली, अगं, टेकडीवर मुंग्या नव्हत्याच. त्याच दिवशी कळलं. मलाही झाली होती तरुणपणी, दोनदा; तेव्हा खाणावळवालीने काढली होती तापवलेल्या सुईने, तिचं आणि माझं अजून बोलणं नाही.

मी विचारले, मग तुम्ही सगळ्या उभ्या का राहत होता? ती म्हणाली, तू एकटी उभी वाईट दिसत होतीस, पापादिया. लोक बघत होते. सगळ्याच उभ्या राहिल्या की कोण कशासाठी उभी ते कळत नाही.

कीरा मेल्पोचे आता वय झाले. प्रसंगांचा क्रम तिच्या लक्षात राहत नाही.

तरीही तिची उशी ठेवून घेतली. पिसांची आहे.

९ एप्रिल

जखम भरते आहे. फोन नाही.

निकालाविषयी मी पूर्णपणे समचित्त आहे. जे येईल ते स्वीकारावे, असा पाठ मीच रविवारच्या वर्गात मुलांना देते. आज कपाट आवरले.

११ एप्रिल

फोन नाही. कपाट पुन्हा आवरले. पापा-स्टाथिस म्हणाले, माझे मोजे आता कुठल्या कप्प्यात आहेत? मलाही सांगता आले नाही.

१४ एप्रिल, पवित्र सोमवार

फोन आला. धावले. सूनबाई. तिला अर्गिरिसच्या आईकडून सर्व कळले आहे. म्हणाली, आई, मी येते. मी म्हटले, दाढेसाठी कोणी समुद्र ओलांडत नाही. ती म्हणाली, बरं, दाढेसाठी नाही, अंडी रंगवायला येते. आवाज तिचा जरा ओला होता. माझा नव्हता. सर्दी झाली आहे.

१६ एप्रिल

काही नाही.

अनेझो रांगेत माझ्या डावीकडे उभी राहत असे.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

ईस्टरची अंडी लाल रंगवण्याचा दिवस. दनाई पातेल्याशी, मी शेजारी पिसांच्या उशीवर. फोन वाजला. अर्गिरिस म्हणाला, नोना, स्वच्छ आहे. काही नाही त्यात. साधी गाठ.

मी म्हटले, परमेश्वराचा महिमा असो, आणि तुझा श्रद्धेचा अंगीकार पाठ कर. तो म्हणाला, तो मला लहानपणापासून पाठ आहे, नोना.

समचित्तता मी शेवटपर्यंत राखली. दनाई म्हणते की मी फोन पातेल्यात ठेवला. वाफेने काही दिसत नव्हते. एक बाजू लाल झाली आहे, पण आवाज येतो.

१८ एप्रिल, पवित्र शुक्रवार

निश्चय केला. उद्या सकाळच्या उपासनेत एकामागून एक पंधरा वाचने होतात. मग काळी वस्त्रे उतरतात, पापा-स्टाथिस टोपलीतून तमालपत्रे उधळीत चर्चभर धावतात, सर्व जण आसनांच्या घडीच्या फळ्या आपटतात, मुले पातेली बडवतात. मृत्यूची दारे मोडतात त्याचा तो नाद. गेल्या वर्षी त्याने एक झुंबर खाली आले होते.

उद्या मी पहिल्या वाचनापासून अखेरपर्यंत उभी राहीन. अर्गिरिस म्हणाला, आता बसलात तरी चालेल. पण आजवर मी निरुपायाने उभी होते असे कोणाला वाटत असेल तर त्याचे निरसन झाले पाहिजे. उद्याचे उभे राहणे केवळ कृतज्ञतेचे.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार, दुपार

पहिल्या वाचनाला उभी होते. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला उभी होते असे माझे मत आहे. चौथे वाचन देवमाशाच्या पोटातल्या संदेष्ट्याचे, ते लांब. क्षणभर फळीवर टेकले. काही दुखले नाही. कुठेच काही दुखले नाही, आणि मनातही काही नव्हते.

पुढचे मला इतरांकडून समजले.

देवाने उठावे म्हणून सर्व मंडळीने आळवणी केली. तमालपत्रे उधळली गेली. फळ्या आपटल्या, पातेली वाजली, बंदरावरच्या होड्यांनी भोंगे दिले, बेकरीवाल्याचा कुत्रा वेदीत शिरला. मेल्पो मला हलवायला आली तेव्हा अर्गिरिसने माझी नाडी पाहिली आणि तिला दूर केले. म्हणाला, ही बाई दीड महिना झोपलेली नाही, हात लावाल तर बघा.

घरी पापा-स्टाथिस माझ्या केसांतून एकेक पान काढीत बसले. म्हणाले, आज अख्ख्या गावाने मिळून देवाला उठवलं, पण तुला उठवायची कोणाची छाती झाली नाही.

मी स्पष्ट केले की मी डोळे मिटून ध्यान करीत होते. ते म्हणाले, असेल, फक्त तुझं ध्यान शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. मग त्यांनी पिसांची उशी माझ्या डोक्याखाली सरकवली आणि म्हणाले, अजून थोडं कर. ईस्टरचं सूप मी ढवळतो.

मी हरकत घेतली नाही.